अक्षरक्रमाने लावलेलं कपाट

कचऱ्याच्या डब्यातून धूर येतोय हे आधी एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं. प्रॅक्टिकल संपलं होतं, मुलं टेबलं पुसत होती. सगळे बर्नर बंद होते, गॅसची मुख्य चावी मी स्वतः फिरवली होती. तरीही डब्यातल्या कागदांमधून धुराची बारीक रेघ वर आली आणि मी तिथवर पोचेपर्यंत जांभळट कडांची ज्वाळा उठली. सिंकजवळ भरून ठेवलेली बादली मी डब्यात ओतली आणि ते विझलं.

नंतर हातमोजे घालून चिमट्याने डबा उचकला, तेव्हा अर्धवट जळालेले दोन टिश्यू सापडले. एकात पोटॅशियम परमँगनेटचे कण होते. वजनकाट्याजवळ सांडलेले ते कण कोणीतरी कोरडेच पुसून घेतले होते. दुसरा टिश्यू चिकट होता. रबरी बुचात काचनळी सरकवण्यासाठी आम्ही ग्लिसरीन लावतो, ते त्याने टिपलेलं होतं. दोन मुलांनी आपापलं टेबल स्वच्छ ठेवलं होतं, एवढंच घडलं होतं. ग्लिसरीन दाट असल्यामुळे कणांच्या फटींत सावकाश झिरपतं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. आतल्या आत प्रक्रिया सुरू होते, तिची उष्णता तिलाच पुढे ढकलते, वेग वाढतो आणि मग एकदम ज्वाळा उठते. मधल्या काळात काहीच घडत नाहीये असं वाटतं, आणि तोवर माणूस तिथून निघून गेलेला असतो.

त्या दिवशी लिहिलेल्या अहवालात मी एक वाक्य टाकलं: रसायनांच्या खोलीतल्या सगळ्या ऑक्सिडकांची (परमँगनेटसारख्या, दुसऱ्याला जाळायला मदत करणाऱ्या पदार्थांची) यादी करून ती वेगळी काढावीत. साहजिकच ते काम माझ्याकडे आलं. महिनाभरात उरकेल असं वाटलं होतं, पण सात महिने लागले. त्या सात महिन्यांत जे पाहिलं, वाचलं आणि हाताळलं (काही तर मुद्दाम हाताळलं नाही) ते सविस्तर सांगावंसं वाटतं. आमच्या कपाटात होतं ते बहुतेक जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांत असणार.

खोली सांभाळणाऱ्या काकांची व्यवस्था चोख होती. सगळ्या बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या. कोणतंही नाव सांगा, मिनिटात बाटली हातात. हाच क्रम मी पहिल्यांदा दुसऱ्या नजरेने पाहिला आणि अंगावर काटा आला. पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम परक्लोरेट, पोटॅशियम परमँगनेट आणि त्यांना खेटून प्रोपेनॉल. अमोनियम परसल्फेट, मग अमाइल अल्कोहोल, मग ॲनिलीन. क्रोमियम ट्रायऑक्साइडनंतर चार बाटल्या सोडून सायक्लोहेक्झेन. सोडियम क्लोरेट आणि सोडियम पेरॉक्साइडच्या पुढे त्याच फळीवर स्टार्च, सुक्रोज आणि गंधकाची पूड. ज्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, त्यांना इंग्रजी वर्णमालेने अगदी जवळ आणून बसवलं होतं.

“मॅडम, इतकी वर्षं असंच आहे, कधी काही झालं नाही,” काका म्हणाले. ते खरंही होतं. बाटल्या बंद आणि अखंड असेपर्यंत काही होत नाही. फळी मोडली, बाटली फुटली किंवा खोलीत दुसऱ्याच कारणाने आग लागली, तर मात्र शेजारी कोण आहे यावरच सगळं ठरतं. मी त्यांना आगपेटीचं उदाहरण दिलं. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि लाल स्फुरद (फॉस्फरस) पेटीच्या कडेच्या पट्टीत. दोन्ही एकाच गुलात कालवले तर ते मिश्रण नुसत्या घासण्यानेही भडकतं. १८४४ साली स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी ही दोन द्रव्यं वेगळी ठेवायची युक्ती काढली, म्हणून आपण ती पेटी खिशात घेऊन फिरू शकतो. काकांनी खिशातली पेटी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे काडी एका कपाटात आणि पट्टी दुसऱ्या.” पुढचे सात महिने आम्ही हेच केलं.

ऑक्सिडक म्हणजे दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणारा पदार्थ, हे आपण शाळेत शिकतो. खोलीची जबाबदारी अंगावर आल्यावर त्याचा व्यवहारातला अर्थ कळतो. यातले बरेच पदार्थ स्वतः जळत नाहीत. ते दुसऱ्याच्या ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन सोबत बाळगून असतात. म्हणून ऑक्सिडक मिसळलेल्या आगीवर ब्लँकेट टाकून किंवा कार्बन डायऑक्साइड मारून हवा तोडण्याचा उपयोग होत नाही, कारण हवेची गरजच नसते. बहुतेकांवर भरपूर पाणी हाच उपाय. त्यालाही अपवाद आहेत, आणि त्यातला एक आमच्याच फळीवर होता. सोडियम पेरॉक्साइडची पिवळसर भुकटी पाण्याशी जोरात तापते आणि ऑक्सिजन सोडते. कार्बन डायऑक्साइडशी तिची प्रक्रिया होऊन सोडियम कार्बोनेट बनतं, पण सोबत पुन्हा ऑक्सिजनच बाहेर पडतो. म्हणजे आपण विझवायला जो वायू मारू, त्यातूनच ती आगीला खुराक देईल. तिच्यासाठी कोरडी वाळूच हवी. तो पत्र्याचा डबा मी कागद, साखर आणि पाण्याच्या नळापासून त्याच दिवशी लांब नेला.

यादी करताना आधी मी क्षपण विभवाचे, म्हणजे पदार्थाची इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ओढ सांगणारे, आकडे घेऊन बसले होते. फ्लोरिन २.८७ व्होल्ट, आम्लधर्मी द्रावणात फेरेट २.२०, परसल्फेट २.०१, परमँगनेट १.५१, डायक्रोमेट १.३३. जितका आकडा मोठा तितका धोका मोठा, असा साधा हिशेब मनात होता. निवृत्त झालेल्या आमच्या सरांना कागद दाखवला, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला: “परक्लोरिक आम्ल यात कुठे बसतं?” आकड्यांनुसार ते परमँगनेटच्याही खाली येत होतं. सर म्हणाले, “थंड आणि विरल असताना ते नुसतं एक तीव्र आम्ल असतं, ऑक्सिडक म्हणून जवळजवळ झोपलेलं. गरम आणि संहत झालं की तुझा आकडा त्याला लागू पडत नाही.” विभव सांगतं ते प्रक्रियेला उतार किती आहे. ती किती वेगाने होईल, कशाने जागी होईल, हे त्यातून कळत नाही. मी यादी नव्याने केली. या वेळी रकाने वेगळे होते: पाणी लागल्यास काय, धक्का बसल्यास काय, तापल्यास काय, सेंद्रिय पदार्थ लागल्यास काय, आणि नुसतं पडून राहिल्यास काय.

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला, आणि तो सरांच्या त्या प्रश्नामुळेच सुचला.

परक्लोरिक आम्लाची बाटली लाकडी कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, कोपऱ्यात होती. मी गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात ती पाहिली. लेबल करपल्यासारखं तपकिरी झालेलं. झाकणाच्या कडेला पांढरे, खरखरीत स्फटिक. हे आम्ल पाण्यासारखं रंगहीन असायला हवं. या बाटलीतलं चहाच्या फिक्या काढ्यासारखं दिसत होतं. फळीवर बाटलीच्या बुडाएवढं काळं वर्तुळ उमटलं होतं आणि तिथलं लाकूड भुसभुशीत दिसत होतं.

मी हात मागे घेतला. बाजारात मिळणारं ७० ते ७२ टक्क्यांचं परक्लोरिक आम्ल साध्या तापमानाला नीट ठेवलं तर स्थिर असतं. रंग बदललेलं आम्ल मात्र वेगळी गोष्ट सांगतं, त्यात काहीतरी मिसळलेलं आहे. लाकडात मुरलेलं आम्ल हा आणखी वेगळा प्रश्न. असं लाकूड वाळल्यावर घर्षणाने किंवा धक्क्यानेही पेटू शकतं. झाकणाभोवतीचे स्फटिक कशाचे, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. ते धक्क्याने फुटू शकणाऱ्या परक्लोरेटचेच असणार असं धरून चालायचं आणि झाकणाला अजिबात पीळ द्यायचा नाही. आम्ही खोलीला कुलूप घातलं, दारावर पाटी लावली आणि धोकादायक रसायनं उचलणाऱ्या प्रशिक्षित लोकांना बोलावलं. ते येईपर्यंतचे नऊ दिवस माझी झोप उडाली होती.

त्या नऊ दिवसांत मी २० फेब्रुवारी १९४७ची हकीकत वाचली. लॉस एंजेलिसमधल्या एका इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्यात ॲल्युमिनियमला चकाकी आणण्यासाठी परक्लोरिक आम्ल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडचं मिश्रण मोठ्या टाकीत ठेवलेलं होतं. ते थंड ठेवणं अत्यावश्यक होतं आणि थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली होती. त्यात प्लॅस्टिकचा भाग असलेलं एक रॅक त्या द्रावात उतरवलं गेलं. झालेल्या स्फोटात १७ माणसं गेली आणि शंभराहून अधिक इमारतींचं नुकसान झालं. ऑक्सिडक, त्याच भांड्यात जळणारा पदार्थ, वाढलेलं तापमान आणि वर प्लॅस्टिकची भर. माझ्या यादीतले तीन रकाने तिथे एकाच टाकीत भरले होते.

त्याच ओघात फ्यूम हूडकडेही, म्हणजे घातक वाफा धुराड्यातून बाहेर खेचणाऱ्या कपाटाकडेही, लक्ष गेलं. परक्लोरिक आम्ल तापवलं की त्याची वाफ धुराड्याच्या नळीत जाऊन थंड होते, तिथल्या धातूशी आणि धुळीशी मिळून परक्लोरेट साचतात. पुढे कधी दुरुस्तीला आलेला माणूस नळीचा स्क्रू फिरवतो, आणि आतमध्ये काय साचलंय याची त्याला कल्पना नसते. म्हणून या आम्लासाठी आतून पाण्याने धुता येणारा वेगळा हूड असतो. आमच्याकडे तसा नव्हता. आमच्या हूडमध्ये ते कधी तापवलं गेलं होतं का, हे शोधायला मी जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्या आणि रजिस्टरं चाळली. तशी नोंद सापडली नाही. तरी नळी उघडण्याआधी ती तपासून आणि धुऊन घेतली.

दुसरी मोठी धडकी पोटॅशियमने भरवली. हा धातू स्वतः जबरदस्त क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन टाकणारा, म्हणून ऑक्सिडकांच्या यादीत त्याचं नाव घालायचा विचारही माझ्या मनात नव्हता. तेलात बुडवून ठेवलेल्या तुकड्यांची बरणी उजेडात धरली, तर तुकडे जांभळट-राखाडी दिसण्याऐवजी त्यांच्यावर पिवळ्या-नारिंगी रंगाची खरपूड धरलेली. ते पोटॅशियम सुपरऑक्साइड. बरणीच्या वरच्या हवेतला ऑक्सिजन तेलातून सावकाश विरघळत धातूपर्यंत पोचतो आणि वर्षानुवर्षं हे कवच वाढत राहतं. म्हणजे तीव्र ऑक्सिडकाचा थर, त्याला चिकटून तीव्र क्षपणक, आणि दोघांवर जळणारं तेल, सगळं एकाच बरणीत. असा तुकडा नेहमीच्या सवयीने चाकूने कापायला गेलं, तर चाकूचं पातं ते कवच धातूत आणि तेलात दाबतं आणि स्फोट होऊ शकतो. सोडियमच्या बाबतीत ही भीती इतकी नसते, आणि तीच सवय पोटॅशियमला लावली की घात होतो. “मुलांना दाखवायला मागच्या वर्षी यातलाच एक तुकडा कापला होता,” एक सहकारी हळूच म्हणाले. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

हेच सुपरऑक्साइड दुसरीकडे जीव वाचवतं, हे इथे सांगायलाच हवं. खाणीत किंवा आगीत वापरायच्या श्वसनयंत्रांत त्याचे गोळे भरलेले असतात. श्वासातल्या पाण्याच्या वाफेशी प्रक्रिया होऊन ऑक्सिजन सुटतो आणि तयार झालेला पोटॅशियम हायड्रॉक्साइड उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. एकाच डब्यात दोन कामं होतात. मला हे रसायन मनापासून आवडतं, आणि म्हणूनच ते बरणीत असं नकळत उगवलेलं पाहून वाईट वाटलं.

क्लोरेटच्या वेळी चूक माझी होती. सोडियम क्लोरेटची जुनी बाटली ओलसर झाली होती. ती दुसऱ्या डब्यात ठेवताना तिचं थोडं पाणी माझ्या सुती ॲप्रनच्या बाहीवर सांडलं. रंग नाही, वास नाही, जळजळ नाही. मी ॲप्रन खुंटीला लटकवून पुढच्या कामाला लागले. संध्याकाळी वाळलेली बाही हाताला कडक लागली, तेव्हा लक्षात आलं की मी काय वाळत घातलंय. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याच्या प्रत्येक धाग्यात आता क्लोरेटचे बारीक स्फटिक होते. १९३०च्या दशकात न्यूझीलंडमधल्या शेतकऱ्यांनी तण मारायला सोडियम क्लोरेट फवारलं, तेव्हा त्यांच्या वाळलेल्या विजारी शेकोटीजवळ किंवा नुसत्या घासण्यानेही पेटल्या होत्या. मी तो ॲप्रन घडी न घालता, न चुरगळता, सरळ पाण्याच्या बादलीत सोडला आणि पाणी बदलत तीनदा धुतला. क्लोरेट पाण्यात सहज विरघळतं, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. त्या दिवसापासून नियम केला: ऑक्सिडकांचं काम करताना अंगावर सांडलं तर कपडा तिथल्या तिथे ओला करायचा, वाळू द्यायचा नाही.

क्लोरेटने माणसांना फार आधीपासून असं गाठलेलं आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांना बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी (पोटॅशियम नायट्रेटऐवजी) पोटॅशियम क्लोरेट वापरून पाहायचं होतं. १७८८च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या एसोन इथल्या दारूच्या कारखान्यात ते मिश्रण कुटताना स्फोट झाला आणि दोन माणसं दगावली. रसायनशास्त्रज्ञ लावाझिए आणि त्यांच्या पत्नी त्याच ठिकाणी आलेले होते आणि थोडक्यात बचावले. सोरा आणि क्लोरेट दोन्ही ऑक्सिजन देणारेच. फरक इतकाच की सोरा गंधक-कोळशासोबत कुटणं सहन करतो, क्लोरेट करत नाही. आमच्या फळीवर त्याच क्लोरेटच्या पुढे गंधकाची बरणी होती.

पाचव्या महिन्यात आम्ही एका जुन्या संशोधकांच्या मागे राहिलेल्या कप्प्यापाशी आलो, आणि तिथे मला दुर्मीळ म्हणावी अशी संयुगं पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसली. सोडियम बिस्मथेटची छोटी कुपी, पिवळट-तपकिरी भुकटी. मँगनीजच्या जवळजवळ रंगहीन आयनाला ती थंडपणीच जांभळ्या परमँगनेटमध्ये बदलते. पोलादातलं मँगनीज मोजायला हीच प्रक्रिया वापरत. पोटॅशियम फेरेटची गडद जांभळी कुपी. ओलावा लागून तिची कड तांबूस झाली होती, कारण फेरेट शेवटी लोहाच्या हायड्रॉक्साइडवर येऊन थांबतं. म्हणूनच पाणी शुद्ध करण्याच्या संशोधनात त्याला मान आहे, मागे विषारी काही उरत नाही.

आणि त्याच कप्प्यात, दोन आवरणांच्या आत, फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत झेनॉन डायफ्लोराइड. मी वर्गात वर्षानुवर्षं त्याची रचना फळ्यावर काढली आहे: सरळ रेषेत तीन अणू, मध्ये झेनॉन. प्रत्यक्षात पाहत होते पहिल्यांदाच. पांढरे, दाट, काचेच्या खड्यांसारखे स्फटिक. काही स्फटिक झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेले दिसत होते, कारण हा पदार्थ साध्या तापमानालाच संप्लवन पावतो, म्हणजे न वितळता थेट वाफ होतो. मला तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. ज्या वायूला आम्ही ‘निष्क्रिय’ म्हणत शिकलो, त्याचं संयुग हातभर अंतरावर बसलेलं होतं.

१९६२ साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड खुद्द ऑक्सिजनच्या रेणूचाच इलेक्ट्रॉन काढून घेतं. ऑक्सिजन रेणूचं आयनीभवन, म्हणजे त्यातून एक इलेक्ट्रॉन निघणं, १२.०७ इलेक्ट्रॉनव्होल्टला होतं, झेनॉनचं १२.१३ला. आकडे इतके जवळ, तर झेनॉनवर करून का पाहू नये, या एका विचाराने पाठ्यपुस्तकं बदलली. पुढच्याच जानेवारीत झेनॉनच्या संयुगाचा नमुना फुटून ते आणि त्यांचा विद्यार्थी जखमी झाले, काही आठवडे रुग्णालयात होते. ही दोन वाक्यं मी आता वर्गात एकापाठोपाठ सांगते. झेनॉनची टेट्रा आणि हेक्झाफ्लोराइडं ओलाव्याशी मिळून झेनॉन ट्रायऑक्साइड बनवू शकतात, आणि ते रंगहीन स्फटिक कोरडे झाले की हलक्या कारणानेही फुटतात. डायफ्लोराइडपासून तसं होत नाही. पाण्याशी त्याचं झेनॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन फ्लोराइड होतं. पण हायड्रोजन फ्लोराइड हेच पुरेसं भयंकर. त्वचेतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि वेदना कधीकधी तासांनी सुरू होते. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली जवळ नसताना ती बाटली उघडायचा प्रश्नच नव्हता. आम्ही ती आहे तशी, कोरड्या डब्यात सीलबंद ठेवली आणि ज्या प्रयोगशाळेत तिचं काम होतं तिथे रीतसर सोपवली.

या कुपीवरून आठवलं. परक्लोरेट सहज मिळतं, परआयोडेट मिळतं, मग परब्रोमेट का बनत नाही, हे कोडं फार काळ तसंच होतं. १९६८ साली अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत एव्हन ॲपलमन यांनी ते बनवलं, आणि तिथे कामाला आलेल्या ऑक्सिडकांपैकी एक हेच झेनॉन डायफ्लोराइड. बनवायला इतका दांडगा ऑक्सिडक लागला, आणि तयार झालेलं परब्रोमेट मात्र विरल, थंड द्रावणात शांत बसून राहतं. सरांचा परक्लोरिक आम्लाचा धडा इथेही तसाच.

क्लोरिन ट्रायफ्लोराइड आमच्याकडे नव्हतं आणि असायला नको. पण हे काम करतेय असं कळल्यावर सर्वांत जास्त प्रश्न त्याविषयीच आले, म्हणून थोडक्यात सांगते. ११.७५ अंश सेल्सिअसला उकळणारा हा पदार्थ वाळू, काँक्रीट, ॲसबेस्टॉससुद्धा पेटवतो. हे पदार्थ जळत नाहीत असं आपण म्हणतो, कारण त्यांच्यातल्या मूलद्रव्यांना ऑक्सिजन आधीच मिळालेला असतो. फ्लोरिन त्या ऑक्सिजनलाच हुसकावून त्याची जागा घेतो. पाणी मारलं तर पाण्याशीही स्फोटक प्रक्रिया. आज ते चिप बनवण्याच्या कारखान्यांत यंत्रांच्या आतल्या भिंती साफ करायला वापरतात. ज्या धातूच्या टाकीत ते साठवतात, तिच्या आत आधी फ्लोराइडचा पातळ थर चढवून घ्यावा लागतो, आणि तो थर शाबूत असेपर्यंतच टाकी टिकते. गंमत म्हणून त्याच्या हकिकती वाचणाऱ्या मुलांना मी या थराबद्दल सांगते. खरं रसायनशास्त्र तिथे आहे.

मला स्वतःला त्यापेक्षा जास्त भीती वाटते ती टाकाऊ रसायनांच्या बाटलीची. सहाव्या महिन्यात टेबलाखाली एक बाटली सापडली, लेबलवर फक्त ‘आम्ल – टाकाऊ’. तिचं प्लॅस्टिक फुगून गोल झालं होतं. कोणीतरी नायट्रिक आम्लाच्या उरलेल्या भागात अल्कोहोलने धुतलेल्या भांड्याचं पाणी ओतलं होतं आणि झाकण घट्ट लावलं होतं. अशा मिश्रणात वायू तयार होत राहतो. कधी तासाभरात, कधी रात्रीतून बाटली फुटते. ती खोली आम्ही रिकामी केली आणि बाटलीला हात लावला तो प्रशिक्षित माणसांनीच, ढालीमागून. जगात न ऐकलेलं एकही संयुग त्यात नव्हतं.

नव्या मांडणीत अक्षरक्रम गेला. ऑक्सिडकांना पत्र्याचं स्वतंत्र कपाट मिळालं, लाकूड आणि पुठ्ठा त्यात अजिबात नाही. दारावर वर्तुळावरची ज्वाळा असलेलं चिन्ह. नुसत्या ज्वाळेचं चिन्ह ज्वालाग्राही पदार्थांचं, वर्तुळ असेल तर ऑक्सिडकाचं. घाईत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून शेजारी दोन्ही छापून फरक लिहिला. प्रत्येक बाटलीवर आणल्याची आणि उघडल्याची तारीख. नायट्रिक आम्ल वेगळ्या ट्रेमध्ये, ॲसेटिक आम्लाच्या जवळ नाही, दोघं ‘आम्लं’ असली तरी, कारण ॲसेटिक आम्ल जळणारं आहे. सांडलेलं पुसायला टिश्यू आणि लाकडाचा भुसा बाद; प्लॅस्टिकचं स्वच्छ सुपलं, भरपूर पाणी आणि ओला कपडा. आणि साठा कमी. पाच किलो पोटॅशियम क्लोरेट आम्हाला कशाला लागत होतं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ४ मे १९८८ रोजी अमेरिकेत नेवाडातल्या हेंडरसन इथे रॉकेटच्या इंधनात लागणाऱ्या अमोनियम परक्लोरेटचा कारखाना उडाला, तेव्हा तिथे हजारो टन माल साचलेला होता, कारण चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघातानंतर अवकाशयानांची उड्डाणं थांबली होती आणि उत्पादन मात्र चालू होतं. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी फुटलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेटही तिथे वर्षानुवर्षं नुसतं पडून होतं. आमचं क्लोरेट आम्ही १०० ग्रॅमवर आणलं.

परक्लोरिक आम्लाची बाटली नेणारी माणसं आली, त्या सकाळची गोष्ट शेवटी सांगायची राहिली. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, जाड हातमोजे, आणि पहिल्यांदा त्यांनी केलं काय, तर बाटलीभोवतीची फळी पाण्याने भिजवली. सावकाश, बराच वेळ. मग झाकण न उघडता बाटली ट्रेमध्ये घेतली. त्यानंतर मी विचारलं, फळी पुसून ठेवली तर चालेल ना? त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने नकारार्थी मान हलवली. ओल्या लाकडातून, हाताच्या करवतीने, पाणी सोडत सोडत त्यांनी तो काळ्या वर्तुळाचा तुकडा कापून काढला, पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात बुडवला आणि डब्यावर लेबल चिकटवलं: ‘लाकूड, परक्लोरिक आम्ल शोषलेलं. वाळू देऊ नये.’ काकांनी ते लेबल मोठ्याने वाचलं आणि डबा गाडीत चढेपर्यंत त्याच्याजवळ उभे राहिले.